साप अमेरिकेचा, खोली नागपूरची: हॉगनोजवाल्यांनो, या चुका टाळा

दरवर्षी जुलै लागला की हॉगनोज (वर वळलेल्या नाकाचा छोटा साप) पाळणाऱ्यांच्या फोननी माझा फोन वाजायला लागतो, आणि बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "भाऊ, पिल्लू खाऊनच नाही राहिलं." मी विचारतो किती दिवस झाले. "चार." अबे, चार दिवसांपूर्वी तर ते अंड्यातून बाहेर आलंय! त्याच्या पोटात अजून अंड्यातला बलक आहे, पहिली कात टाकेपर्यंत बहुतेक पिल्लं तोंड उघडत नाहीत आणि ती कात पडायला आठ-दहा दिवस लागतात, तोपर्यंत पाण्याची वाटी भरायची आणि गप बसायचं. पण गप बसणं हेच लोकांना जमत नाही.

वर्धेकडच्या एका पोराने दोन वेस्टर्न हॉगनोजची पिल्लं घेतली, एकेक पाच-सहा ग्रॅमचं. पाचव्याच दिवशी त्याने कुठलासा व्हिडिओ बघून चिमट्याने पिंकी (उंदराचं बिनकेसांचं नवजात पिल्लू) तोंडात कोंबली. पिल्लाने रात्री उलटून टाकली. याने परत कोंबली, मग एक दिवसाआड तेच चालू, कारण "उपाशी मरेल ना". तिसऱ्या आठवड्यात तो दोघांना श्रीखंडाच्या डब्यात घालून माझ्याकडे घेऊन आला. एकाच्या तोंडाच्या कोपऱ्यात दह्यासारखा पांढरा पू जमला होता आणि वजन चार ग्रॅमवर आलं होतं. ते तिसऱ्या दिवशी गेलं. दुसऱ्याचं तोंड डॉक्टरकडून साफ करून घेतलं, मग ओला टिश्यू टाकलेल्या छोट्या डबीत ठेवून सहा दिवस त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सातव्या दिवशी संध्याकाळी ट्यूनाच्या पाण्यात बुडवलेली छोटी पिंकी डबीत ठेवली, झाकण लावलं, वरून टॉवेल टाकला आणि झोपायला गेलो. सकाळी डबीत साप होता, पिंकी नव्हती. कोंबून खाऊ घालणं हा शेवटचा उपाय आहे, तोही वजन खरंच उतरत चाललं असेल तर आणि कोणीतरी हाताला धरून शिकवलं असेल तर.

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे नाही. पिंकी आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवायची (घरच्यांना आधी सांगून, नाहीतर फ्रीज आणि संसार दोन्ही जातात), दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून कोमट पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. नुसती दिली आणि नाही खाल्ली तर पाच दिवसांनी ट्यूना लावून, तरी नाही तर पिंकीच्या डोक्याला सुईने टोचून थोडा गर बाहेर काढून. ट्यूना पाण्यातला घ्यायचा, तेलातला नाही. आणि सोनारवाला छोटा वजनकाटा घ्या, "बारीक दिसून राहिला" यापेक्षा एक ग्रॅमचा फरक जास्त खरं बोलतो.

आता वासाचाच मुद्दा निघाला म्हणून, भिंतीवरची पाल पकडून पिंकीला घासणारे लय झालेत. चालतं, खरंच चालतं, हॉगनोजला पालीचा आणि भेकाचा वास आवडतो. पण पालीसोबत जंतही घरात येतात, आणि शेतातला भेक तर काटोलकडे संत्र्याच्या फवारणीतून फिरून आलेला असतो. त्यात पिल्लाला एकदा पालीची चटक लागली की मग साधा उंदीर बघून ते तोंड फिरवतं.

ही चटक पिढ्यानपिढ्या अंगात मुरलेला साप म्हणजे ईस्टर्न हॉगनोज. त्याला जंगलात जवळपास भेकच लागतात, भेकाचं विष पचवता यावं म्हणून त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीसुद्धा मोठ्या असतात. असा साप पहिलाच साप म्हणून घेऊन "उंदीर खाईल ना?" असं विचारणाऱ्याला मी काय सांगू. तीच गोष्ट ट्रायकलर हॉगनोजची. बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिनाकडचा, लाल-काळा-पांढरा, फोटोत एवढा देखणा की लोक आधी त्याच्याच मागे लागतात, आणि त्याची पिल्लं वेस्टर्नपेक्षा कितीतरी नखरेल. दोन वर्षं वेस्टर्न सांभाळा, एक-दोन क्लच (एका वेळची अंडी) काढा, मग बघू दुर्मिळ प्रकारांचं. मादागास्करचा जायंट हॉगनोज उलटा आहे, समोर येईल ते खातो, त्याला लठ्ठ होऊ देऊ नका म्हणजे झालं.

आता माझी स्वतःची चूक, आणि ती अजून टोचते. हॉगनोजचं ब्रीडिंग सगळेच अमेरिकेचं कॅलेंडर बघून करतात, हिवाळ्यात थंडीची झोप, मार्चमध्ये जोडी, मग अंडी. तिकडे तेव्हा वसंत असतो. आपल्याकडे अंडी पडतात एप्रिलच्या शेवटी आणि पुढचे पन्नास-साठ दिवस म्हणजे नागपूरचा मे, नवतपा सगळं त्यातच. माझ्या मादीने बारा अंडी दिली, मस्त पांढरीशुभ्र. इन्क्युबेटर 28 वर लावला, थर्मोस्टॅटचा दिवा बंद दिसला की मी खुश, म्हटलं टेंपरेचर बरोबर आहे. अरे, दिवा बंद म्हणजे हीटर बंद एवढंच! थर्मोस्टॅट गरम करतो, थंड करत नाही. कूलर चालू असूनही खोली दुपारी 34 ला होती आणि मी चार दिवस त्या बंद दिव्याकडे बघून समाधानी होतो. पाचव्या दिवशी दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखा, संध्याकाळी बघतो तर डब्यात साडेछत्तीस. अंडी एकेक करून पिवळी पडली, खचली, वास यायला लागला. बारातलं एक पिल्लू निघालं, त्याचा कणा वाकडा होता.

तेव्हापासून मे-जूनमध्ये इन्क्युबेटर एसीच्या खोलीत, एसी 24-25 ला, म्हणजे हीटरला काहीतरी काम राहतं. आइस्क्रीमवाल्याकडून मागून आणलेला जाड थर्मोकोलचा डबा, त्यात पाण्याच्या चार बाटल्या, लाईट गेली तरी टेंपरेचर लगेच वर चढत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब अंड्यांच्या शेजारी, झाकणाला लटकवलेला नाही. अंड्यांखालचं व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं भुसभुशीत खनिज) मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर जास्त ओलं. अंडी मिळाल्या मिळाल्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची आणि नंतर फिरवायची नाहीत, कोंबडी फिरवते म्हणून आपणही फिरवू हा शहाणपणा नको. एसी परवडत नाही म्हणणाऱ्यांनी त्या वर्षी जोडी लावूच नये, माझा राग आला तरी चालेल.

थंडीच्या झोपेआधी शेवटचं खाणं दोन आठवडे आधी, पोटात काही राहिलं तर ते आतच सडतं. गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका, डिसेंबरात तिथे रात्री 12 आणि दुपारी 28 होतं. अडीचशे ग्रॅमच्या आतली मादी जोडीला लावायची नाही, किती का सुंदर मॉर्फ (रंग-नक्षीचा प्रकार) असेना. नराने वसंतात खाणं सोडलं तर घाबरू नका, त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. दोन पिल्लं एका डब्यात नाही, एक दुसऱ्याला गिळू शकतं. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. चिकन धुतलेल्या हाताने साप उचलायचा नाही, मागच्या दातात सौम्य विष आहे, चावून धरून बसला तर बोट चांगलंच सुजतं.

कागदपत्रांशिवाय परदेशी साप घेऊ नका. आणि "आधी धामणीवर, मांडुळावर हात बसवतो" म्हणणाऱ्यांनो, आपल्याकडचा साप घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

अजून एक. मनीषनगरच्या एका काकूंचा रात्री अकराला फोन, पोराचा साप मेला, उलटा पडलाय, तोंड उघडं, जीभ बाहेर, वासही येऊन राहिला, कचऱ्यात टाकू का? म्हटलं काकू, आधी त्याला पोटावर पालथा करा. केला. तो लगेच परत पाठीवर वळला आणि जीभ बाहेर टाकली. म्हटलं, मेलेला साप पलटी मारत नाही, हा मेल्याचं सोंग करतोय, डब्याचं झाकण लावा, दिवा बंद करा आणि झोपा. दहा मिनिटांनी परत फोन, "उठून पाणी पिऊन राहिला हो."