घोड्याच्या साजासाठी घरगुती साबण आणि मलम: या चुका टाळा

खोगीर, लगाम, मोहरकी (घोड्याच्या तोंडावर बांधायचा पट्टा), तंग (खोगीर आवळण्यासाठी पोटाखालून बांधायचा पट्टा) आणि रिकिबीचे पट्टे हा सगळा चामडी साज घाम, धूळ आणि ओढाताण सोसत वापरला जातो, त्यामुळे त्याच्या निगेसाठी साबण आणि मलम घरीच करून ठेवावे असे अनेकांना वाटते. साहित्य मोजके लागते, कृतीही अवघड नसते. अडचण येते ती 'घरगुती म्हणजे निर्धोक' या समजामुळे, कारण एकदा चामडे बिघडू लागले की उपाय म्हणून आणखी साबण लावला जातो किंवा आणखी तेल चोपडले जाते. अशा बिघडलेल्या साजाकडे नीट पाहिले तर बहुधा एकच कारण सापडते: चामड्यात नको ते राहून गेलेले असते. कधी न पुसलेला साबण, कधी न मुरलेले तेल, तर कधी मलमाखाली दडपलेला घाम. पुढच्या बहुतेक चुका या एका कारणाभोवती फिरतात.

साबण करताना

कमावलेले चामडे आम्लधर्मी असते. त्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारणपणे ३.५ ते ५ या दरम्यान असतो, तर तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून केलेल्या खऱ्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास भरतो. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे लक्षात घेतले की साबण चामड्यावर फार वेळ का राहू द्यायचा नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. याचा अर्थ साबण वापरूच नये असा नाही. तो थोडा घ्यावा, कमी पाण्यात वापरावा आणि ओलसर कापडाने पूर्ण पुसून काढावा, एवढाच आहे.

हे वाचून काही जण साबणात व्हिनेगर घालून सामू खाली आणू पाहतात, आणि ही चूक इतकी सर्रास आढळते की तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. साबण हा मेदाम्लांचा क्षार असतो. त्यात आम्ल पडले की क्षार मोडतो आणि मेदाम्ले मोकळी होऊन पांढऱ्या गुठळ्यांच्या रूपाने वर तरंगतात. दूध फाटावे तसे ते मिश्रण फाटते. त्या गुठळ्यांत मळ काढण्याची ताकद उरत नाही, उलट त्या शिवणीत आणि बक्कलाच्या भोकांत जाऊन बसतात. व्हिनेगर वापरायचेच असेल तर ते पाण्यात भरपूर पातळ करावे, साबण पुसून झाल्यानंतर त्यात पिळलेले कापड एकदाच फिरवावे, आणि साबणाच्या डब्यापासून ते दूर ठेवावे. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा किंवा अमोनिया घालून साबण 'जोरदार' करण्याचा मोह याच्या उलट दिशेने घात करतो. मळ झरझर निघतो खरा, पण त्याबरोबर चामड्यातले मुरलेले तेलही निघून जाते, आणि सुकल्यावर पट्टा कडक पडतो.

साबण मुळापासून करणाऱ्यांची मुख्य चूक मापाची असते. कॉस्टिक सोड्याचे प्रमाण तेलागणिक बदलते: १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला तो सुमारे १३.५ ग्रॅम लागतो, तर १०० ग्रॅम खोबरेलाला १८ ग्रॅमच्या थोडा वर. एका तेलाची कृती घेऊन दुसरे तेल वापरले तर एक तर साबण तेलकट राहतो, नाही तर त्यात न मुरलेला सोडा उरतो. हा दुसरा प्रकार चामड्याला आणि हाताला सारखाच घातक आहे. चमच्याने किंवा वाटीने माप न घेता ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावरच सर्व वजने करावीत, आणि सोडा हिशेबापेक्षा ५ ते ८ टक्के कमी घालावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते. सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. भांडे ॲल्युमिनियमचे नसावे, कारण सोडा त्या धातूला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे आणि चष्मा यांना पर्याय नाही. वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू द्याव्यात आणि वापरण्यापूर्वी सामूच्या कागदपट्टीने तपासाव्यात. ११ किंवा त्याहून वरचा रंग दिसला तर तो साबण साजाला लावू नये. नरम, मलईसारखा साबण हवा म्हणून कॉस्टिक पोटॅश वापरणाऱ्यांनी सोड्याचीच वजने उचलू नयेत, कारण पोटॅश साधारण १.४ पट लागते.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर नवख्या माणसाने या भानगडीत पडूच नये. बिनवासाचा, बिनरंगाचा, ऑलिव्ह तेलाचा तयार साबण किसून घ्यावा, १०० ग्रॅम किसाला सुमारे २५० मिलिलिटर गरम ऊर्ध्वपातित पाणी घालून तो रात्रभर भिजू द्यावा आणि त्यात एक लहान चमचा ग्लिसरीन मिसळावे, की साजासाठी पुरेसा चांगला लगदा तयार होतो. खोबरेलाचे प्रमाण जास्त असलेला साबण मात्र निवडू नये. त्याला फेस भरपूर येतो, पण तो तेल फार ओढतो. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढरट साका तयार करतात, आणि चामड्यावर दिसणारे राखाडी ओरखडे पुष्कळदा याच साक्याचे असतात. पाणी मिसळलेला हा लगदा फार दिवस टिकत नाही, म्हणून तो थोडाच करावा.

धुताना

घोड्याच्या घामात मिठाबरोबर लॅथेरिन नावाचे एक प्रथिनही असते. तेच मानेवर, लगाम घासतो तिथे, पांढरा फेस काढते. हा घाम लगामाच्या आतल्या बाजूला आणि तंगाच्या कडेला सुकला की धूळ आणि जुने तेल यांच्याशी मिळून काळे, टणक, चकचकीत खवले बनतात. हे खवले साबणाने फेस काढून निघत नाहीत, आणि फेस कमी पडला असे समजून साबण वाढवणे हीच पुढची चूक ठरते. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले कापड त्यावर एखादे मिनिट धरावे, खवला मऊ झाला की नखाने किंवा लाकडी काडीने अलगद उचलावा, आणि मग साबण घ्यावा. धातूच्या सुरीने खरवडल्यास चामड्याचा वरचा गुळगुळीत थर फाटतो आणि तो परत येत नाही.

साबणाचा स्पंज जवळजवळ कोरडा असावा. स्पंजवर मोठे बुडबुडे दिसू लागले तर पाणी जास्त झाले आहे असे समजावे. प्रत्येक वेळी बक्कल सोडून, पट्टा पूर्ण मोकळा करून, आतली-बाहेरची दोन्ही अंगे पुसावीत. बांधलेल्या अवस्थेत धुतलेला साज वरून चमकतो आणि घडीत सडतो. नळाखाली धरणे, बादलीत बुडवणे, आणि धुऊन झाल्यावर उन्हात किंवा हीटरजवळ टांगणे, या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. ओल्या चामड्याला उष्णता लागली की तंतू आकसतात, आणि आकसलेला पट्टा कोणत्याही तेलाने पूर्ववत होत नाही. लगामाची मुखपट्टी, म्हणजे तोंडातला धातूचा भाग, साध्या पाण्यानेच धुवावा.

मलमाची निवड आणि कृती

घरी करण्यासारखी खरी वस्तू मलम ही आहे, कारण त्यात चुकायला जागा कमी असते. तरीही तेलाच्या निवडीत घोटाळा होतो. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होत जाते. लाकडावर हा गुण असतो, पण वाकणाऱ्या पट्ट्यावर त्याचा ताठर, चिकट थर बसतो आणि पुढे तो तडकतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, आणि तबेल्यात गवत व पेंढा असतोच. खोबरेल २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, त्यामुळे थंडीत ते चामड्यावर पांढरे दिसते. ऑलिव्ह तेल घट्ट होत नाही, परंतु कालांतराने खवट होते. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले शुद्ध नीट्सफूट तेल चामड्यात चांगले मुरते. 'कंपाउंड' असा शिक्का असलेल्या बाटलीत मात्र इतर तेलेही मिसळलेली असतात, म्हणून लेबल वाचूनच घ्यावे.

मधमाशीचे मेण एक भाग, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून मिळणारा मेणासारखा पदार्थ) अर्धा भाग आणि तेल तीन भाग हे वजनी प्रमाण सुरुवातीला ठीक आहे. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, आणि तेलही आधी कोमट करून घ्यावे. गार तेल वितळलेल्या मेणात ओतले की मेण जागच्या जागी थिजून दाणे पडतात. तसे झालेच तर फेकून देण्याची गरज नाही: सर्व मिश्रण पुन्हा पातळ होईपर्यंत तापवून गार होताना ढवळत राहावे. डब्यात भरण्यापूर्वी एक थेंब गार चमच्यावर टाकून पाहावा. बोटाने दाबल्यावर तो भुगा होत असेल तर तेल वाढवावे, ओघळत असेल तर मेण.

मलमात पाणी किंवा कोरफडीचा गर घालू नये. तेल-मेणाचे कोरडे मलम महिनोन् महिने टिकते, पण पाण्याचा अंश आला की योग्य परिरक्षकाशिवाय त्यात जंतू आणि बुरशी वाढतात, आणि तीच बुरशी नंतर खोगिरावर पसरते. सुगंधी तेलांबाबतही सावध राहावे. तंगाखालची कातडी घामाने आणि घर्षणाने आधीच हुळहुळी झालेली असते, शिवाय घोडा लगाम चाटतो आणि चघळतो.

लावताना होणारा अतिरेक

साबण पुसल्यानंतर चामडे सुकत आले पण हाताला किंचित गार लागते, ती वेळ मलमासाठी योग्य होय. पार ओल्या चामड्यात तेल शिरत नाही, आणि खडखडीत सुकलेले चामडे ते डागाडागाने ओढून घेते. बोटाच्या टोकावर मावेल एवढेच मलम एका हातभर पट्ट्याला पुरते. ते कापडाने चोळावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी उरलेले पुसून टाकावे. आतली खरखरीत बाजू तेल झपाट्याने पिते, म्हणून तिथे हात आणखी आखडता घ्यावा. जास्त तेल पिऊन लिबलिबीत झालेला रिकिबीचा पट्टा ताणला जातो, आणि डावी-उजवी रिकीब खालीवर होते; स्वाराची बैठक बिघडण्याचे हे कारण पुष्कळदा ध्यानातच येत नाही. स्वेड किंवा खरखरीत पृष्ठाचे भाग या साबण-मलमातून पूर्णपणे वगळावेत, त्यांना कोरडा ब्रश पुरे. फिक्या रंगाचे चामडे जवळपास कोणत्याही तेलाने गडद होते आणि ते परतत नाही, तेव्हा आधी झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी घ्यावी.

बिघाड दिसला तर

पांढरा थर दिसला की लगेच बुरशी म्हणून औषध शोधले जाते. आधी हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून सोडून पाहावी. थर वितळून नाहीसा झाला तर ती मलमातून वर आलेली चरबी किंवा मेण होते, आणि कोरड्या कापडाने पुसून पुढच्या वेळी मलम कमी करणे हाच उपाय. थर तसाच राहिला, केसाळ दिसला आणि कोंदट वास आला तर ती बुरशी समजावी. साज बाहेर नेऊन पुसावा, साबणाचा हलका हात फिरवावा, सावलीत वाऱ्यावर सुकवावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर रेंगाळणाऱ्या खोलीत हा त्रास परत परत होतो, आणि तिथे मलम बदलून काही साधत नाही, हवा खेळती करावी लागते.

पितळी बक्कल आणि रिव्हेट यांच्या भोवती हिरवट, मेणासारखा थर साचतो. तेलातील मोकळी मेदाम्ले पितळेतील तांब्याशी संयोग पावतात, त्याचा तो परिणाम असतो. लाकडी काडीने तो उकरून काढावा, कापसाने पुसावा आणि धातूच्या कडेने मलम लावणे थांबवावे. खवट झालेले तेल हा प्रकार वाढवते.

चामडे चिकट राहिले तर तेल किंवा मेण जास्त झालेले असते. कोमट जागी ठेवून दोन-तीन वेळा कोरड्या कापडाने रगडावे; साबणाने धुण्याची घाई करू नये. चामडे लालसर भुकटी सोडू लागले असेल, हात लावताच विटकरी पूड बोटांना लागत असेल, तर ते आतून विघटित झाले आहे. अशा चामड्याला पाणी लागले की ते काळे आणि ठिसूळ पडते, त्यामुळे साबण दूरच ठेवावा आणि असा साज स्वारीसाठी वापरू नये.

भेगांच्या बाबतीत मलमाकडून कोणतीही अपेक्षा ठेवू नये. मलम कोरड्या तंतूंना वंगण देते, तुटलेले तंतू जोडत नाही. उलट भेग भरल्यासारखी दिसून धोका झाकला जातो. म्हणून मलम लावण्यापूर्वीच तंगाचे आणि रिकिबीचे पट्टे बक्कल बसते त्या जागी वाकवून पाहावेत, भोके लांबट झाली आहेत का ते तपासावे, आणि शिवणीचा दोरा नखाने हलकेच ओढून पाहावा. भेग वरच्या थराखाली गेलेली असेल किंवा दोरा सुटत असेल, तर पट्टा बाजूला काढून साज शिवणाऱ्या कारागिराकडे द्यावा, आणि त्याने नवा पट्टा घालायला सांगितला तर जुना जपून ठेवू नये.