ओपन सोर्स प्रोजेक्टची आवराआवर करायचीय? आधी चाव्या कोणाकडे आहेत ते बघा

प्रोजेक्ट तीन-चार वर्षं चालला की एक दिवस सगळ्यांना साफसफाईचा उत्साह येतो आणि पहिलं काय तर वेबसाइटची थीम बदलूया. ते राहू द्या. आधी एक साधी शीट उघडा, डोमेन कोणाच्या नावावर, रिन्यूअलचा मेल कुठे जातो, पायपीआयवर (पायथनची पॅकेजेस जिथून सगळे उतरवतात ती साइट) पॅकेज कोण टाकू शकतं, सर्व्हरचं बिल कोण भरतं, आणि प्रत्येकापुढे दोन नावं हवीत. एकच नाव दिसलं की तेच तुमचं पहिलं काम. आमचा डोमेनचा मेल एका जुन्या मेंटेनरच्या (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या) कॉलेज आयडीवर जायचा, तो पास होऊन गेला, आयडी बंद पडला, आणि एका सकाळी साइटच गायब, मग चार दिवस नुसती फोनाफोनी. पायपीआयने २०२४ पासून टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा) सक्तीचं केलंय, त्यामुळे रिकव्हरी कोड कोणाकडे आहेत तेही लिहा (कोड नका लिहू बाबांनो, फक्त नाव).

मग सीआय, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या फाइलमध्ये उबुंटू-लेटेस्ट (टेस्ट ज्या उबुंटूवर चालतात त्याचं व्हर्जन न सांगता) लिहिलं असेल तर ते लेटेस्ट अधूनमधून पुढे सरकतं आणि तुम्ही एक ओळ न बदलता टेस्ट लाल होतात. व्हर्जन नंबर टाका, पण तोही जन्मभर पुरत नाही, उबुंटू २०.०४ ची इमेज २०२५ मध्ये काढूनच टाकली. अजून एक, पब्लिक रिपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर शेड्यूल केलेले जॉब आपोआप बंद होतात, आपण मात्र जुनी हिरवी टिक बघून खूश.

आता डॉक्स, म्हणजे प्रोजेक्ट कसा वापरायचा ते लिहिलेलं, आणि इथे खरा वेळ द्या. प्रोजेक्ट कधीच न पाहिलेलं कोणीतरी पकडा, रीडमी (प्रोजेक्टची पहिली माहिती-फाइल) उघडून द्या आणि शेजारी गप्प बसा. गप्प बसणं हेच अवघड. मी एका ज्युनियरला बसवलं तर तिसरीच कमांड पोस्टग्रेस डेटाबेस आधीच चालू आहे असं गृहीत धरून लिहिलेली, ती वीस मिनिटं पोर्ट ५४३२ चा कनेक्शन रिफ्यूज्ड बघत बसली आणि शेवटी म्हणाली, "दादा, माझ्याच लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे का?" लिहिलेलं माझंच होतं! ती अडली ती प्रत्येक जागा म्हणजे एक इश्यू (करायच्या कामाची नोंद), आणि इश्यूत "डॉक्स सुधारा" असं मोघम नको, "रिकाम्या मशीनवर या पाच कमांड चालल्या की काम झालं" असं लिहा. मग त्याच पाच कमांड सीआयमध्ये रोज रात्री कोऱ्या कंटेनरवर (रिकाम्या मशीनसारख्या वेगळ्या जागेत) चालवा, म्हणजे रीडमी शिळं झालं की सकाळी आपल्यालाच कळतं, नवीन माणसाला नाही.

प्लॅन तीन महिन्यांचाच करा, वर्षाचा रोडमॅप कोणी पाळत नाही. आणि सेटअप बदलणाऱ्या पीआरमध्ये (कोड बदलाच्या प्रस्तावात) डॉक्सचा बदल नसेल तर मर्ज करायचं नाही, मेंटेनरचा असला तरी.

थीमचं काय? डार्क मोड मागणारे येणारच, "गुड फर्स्ट इश्यू" (नवख्यांसाठी सोपं काम) लेबल लावून त्यांच्याच हातात द्या.