कीटकनाशक ‘सुरक्षित’ दिसतंय? पेशींवरच्या चाचणीत या चुका टाळा

पेशी मेल्या नाहीत, म्हणजे कीटकनाशक निरुपद्रवी, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. विष असूनही ते चाचणीत न दिसणं ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे, कारण अशा आकड्यांचा आधार पुढे माणसांच्या तब्येतीचे निर्णय घेताना घेतला जातो.

मोठा घोटाळा होतो तो पेशी निवडताना. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक घ्या. यकृतातली सायटोक्रोम पी४५० एन्झाइम्स त्याचा ऑक्सॉन (जास्त विषारी रूप) बनवतात आणि मज्जासंस्थेवर खरा घाव हा ऑक्सॉनच घालतो. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या हेप-जी२ पेशी यकृताच्या असल्या तरी त्यांच्यात ही एन्झाइम्स अगदी कमी असतात. तिथे मूळ रसायन टाकून ‘परिणाम नाही’ लिहिण्यात अर्थ नाही. ही एन्झाइम्स बऱ्यापैकी असलेल्या, यकृताच्याच हेपाआरजी पेशी घ्या, किंवा ऑक्सॉनची स्वतंत्र चाचणी करा. तरीही एक अडचण उरतेच: ऑक्सॉन अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जासंस्थेतलं एन्झाइम बंद पाडतो, पण तेवढ्याने पेशी मरत नाही. म्हणून एलमन पद्धतीने, म्हणजे तयार होणारा रंग ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजून, त्या एन्झाइमची क्रियाच तपासावी लागते.

पेशी निवडल्यावर त्यांना काय खाऊ घालता, हेही महत्त्वाचं. रोटेनोन हे कीटकनाशक मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीच्या ऊर्जाकेंद्राचा) कॉम्प्लेक्स १ हा एन्झाइमचा संच अडवतो. पण पेशी वाढवण्याच्या माध्यमात ग्लुकोज भरपूर असेल तर पेशी ग्लायकोलिसिसवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाशिवाय ग्लुकोज तोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर, निभावून नेतात. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज देऊन पाहा, त्याच पेशी ढासळतात.

एमटीटी या चाचणीत जिवंत पेशी रंग तयार करतात; तिचं रीडिंग घटलं तर पेशी मेल्या की नुसत्या मंदावल्या, हे त्यावरून कळत नाही; जोडीला एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजणारी चाचणी) करा. काही रसायनं पेशींशिवायही एमटीटीचा रंग बदलतात, म्हणून पेशी नसलेल्या वेलमध्ये (चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्यात) रसायन टाकून ते आधी तपासा.

रसायन विरघळवायला वापरलेला डीएमएसओ हा द्रावक शक्यतो ०.१ टक्क्यापर्यंत ठेवा आणि कंट्रोलमध्येही (कीटकनाशक न टाकलेल्या पेशींतही) तेवढाच घाला. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं प्लास्टिकला चिकटतात, माध्यमातल्या सीरमच्या (रक्तद्रवाच्या) प्रथिनांनाही बांधली जातात. त्यामुळे आपण टाकलेली मात्रा आणि पेशीपर्यंत पोचलेली मात्रा यांत बरीच तफावत पडते. जमेल तिथे माध्यमातली मात्रा मोजा.

शुद्ध घटक तपासून बाजारातल्या औषधाबद्दल बोलू नका. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या काही मिश्रणांतला पीओईए हा पृष्ठसक्रिय (साबणासारखा पसरवणारा) घटक पेशींना ग्लायफोसेटपेक्षा जास्त बाधतो.

एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी आयसी५० (मोजलेली क्रिया निम्मी करणारी मात्रा) फारच बदलत असेल तर आधी पेशींना मायकोप्लाझ्मा या जिवाणूची लागण झाली आहे का तपासा, मग पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या) बघा. कडेच्या वेल बाष्पीभवनाने बिघडतात, त्यांत नुसतं माध्यम भरा.