फुकट टेम्प्लेटवरून बिझनेस प्लॅन लिहिताय? या चुका टाळा

फुकट टेम्प्लेट मिळण्याची अडचण आता कुणालाच नाही. गूगल डॉक्स, मायक्रोसॉफ्ट, कॅन्व्हा, अमेरिकेतल्या लघुउद्योग संस्थांच्या वेबसाइट, शोधाल तिथे सापडतात. अडचण पुढे येते. भरलेली फाइल घेऊन माणूस बँकेत जातो, अधिकारी पानं उलटतो, शेवटच्या तक्त्यावर बोट ठेवून एक प्रश्न विचारतो आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही. आकडा टेम्प्लेटमध्येच होता, किंवा सायबर कॅफेवाल्याने टाकला होता.

नागपुरात खाद्यपदार्थांचे छोटे धंदे भरपूर निघतात, म्हणून इथे एकच उदाहरण धरू: सावजी मसाला आणि मिरची पावडरचं छोटं युनिट. तुमचा धंदा वेगळा असला तरी चुका बहुतेक याच असतात.

टेम्प्लेट कुणासाठी, हे न बघता उचलणं

अमेरिकी टेम्प्लेटमध्ये पहिली पाच-सहा पानं मिशन, व्हिजन, मूल्यं आणि टीमची ओळख यांतच जातात. तिकडच्या गुंतवणूकदाराला ते हवं असेल. इथल्या बँकेच्या शाखेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात जे मागतात त्याला प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतात, आणि त्यात बघतात ते एवढंच: मशीन कितीचं, खेळतं भांडवल (माल आणि उधारीत अडकणारा पैसा) किती, तुमचे स्वतःचे किती, माल कुठून येणार, कुठे जाणार आणि हप्ता कशातून फिटणार. मिशनचं पान चार ओळींत उरका.

आपल्याकडचा फुकट नमुना हवा असेल तर खादी व ग्रामोद्योग आयोगाने पीएमईजीपीसाठी (नव्या उद्योगाला कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना) उद्योगवार नमुना रिपोर्ट ऑनलाइन ठेवले आहेत. त्यात मसाल्याचाही सापडेल. सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधलं केंद्राचं एमएसएमई (लघुउद्योग) कार्यालय आणि सिव्हिल लाइन्समधलं जिल्हा उद्योग केंद्र इथे जाऊन समोरासमोर विचारता येतं, तेही फुकट. हे नमुने रचनेसाठी उत्तम. पण त्यातले भाव कधीचे, कुठले, हे बघायचं सोडून लोक ते तसेच उतरवतात. मशीनची किंमत जुनी आणि जोडलेलं कोटेशन या महिन्याचं, असा रिपोर्ट पहिल्याच तपासणीत परत येतो.

"नागपूरची लोकसंख्या 24 लाख, त्यातले एक टक्का..."

2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाखांच्या थोडी वर होती. मार्केट अ‍ॅनालिसिसच्या रकान्यात हा आकडा हमखास येतो आणि त्याच्या मागोमाग "फक्त एक टक्का ग्राहक धरले तरी". करून बघा. एक टक्का म्हणजे 24,000 माणसं. प्रत्येकाने महिन्याला अर्धा किलो घेतला तर 12,000 किलो, म्हणजे महिन्याला 12 टन. आता त्याच रिपोर्टच्या मशीनच्या पानावर या. पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मशीन, ताशी 10 किलोचा. दिवसाला 8 तास, महिन्याला 25 दिवस, झाले 2 टन. विक्रीचं पान 12 टन म्हणतं, मशीनचं पान 2 टन. रिपोर्ट वाचणाऱ्याला हे कळायला फार वेळ लागत नाही.

विक्रीचा आकडा खालून वर बांधायचा असतो. महाल, नंदनवन, मानेवाडा, प्रतापनगर, जिथे तुम्ही खरोखर माल पोचवू शकता तिथल्या 20 किराणा दुकानांत जाऊन विचारा: महिन्याला किती किलो मसाला जातो, कोणत्या वजनाचं पाकीट जास्त उठतं, तुम्हाला कमिशन किती लागेल, पैसे कधी द्याल. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येईल: "माल ठेवून जा ना भाऊ, विकला का देतो पैसे." ही उधारी टेम्प्लेटमध्ये शून्य धरलेली असते. महिनाभराची धरा, जमल्यास 45 दिवसांची.

दुकानांची ही यादी, नाव, भाग आणि महिन्याचा अंदाज यांसह, रिपोर्टला जोडा. लोकसंख्येच्या आकड्यापेक्षा तिला जास्त किंमत आहे.

अशीच दुसरी पाठांतराची शिडी म्हणजे क्षमतेचा वापर: पहिल्या वर्षी 60 टक्के, दुसऱ्या वर्षी 70, तिसऱ्या वर्षी 80. अधिकाऱ्याने ती इतक्या फायलींत पाहिलेली असते की तो ती वाचतही नाही. मशीन पहिल्या वर्षी निम्मं रिकामं राहणार असेल तर तसं लिहा, आणि मार्च ते मे या काळात घरोघरच्या वर्षभराच्या तिखट-हळदीचं कांडप मजुरीवर करून ते कसं चालवणार तेही लिहा. हे नागपुरातलं खरं काम आहे आणि त्यात रोकड हातात येते.

मिरची 30 दिवसांत मावत नाही

या एका चुकीवर जरा थांबू, कारण चालू झालेली युनिट यानेच बंद पडतात.

टेम्प्लेटमध्ये खेळत्या भांडवलाच्या तक्त्यात "कच्चा माल: 30 दिवस" असं आधीच भरलेलं असतं. बिस्किटाच्या दुकानाला ते ठीक आहे. भिवापूरची असो की आणखी कुठली, लाल मिरची कळमन्यात, म्हणजे नागपूरच्या घाऊक बाजारात, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येते. भाव आणि रंग दोन्ही बरे असतात तेव्हा घेऊन ठेवायची आणि वर्षभर दळायची, अशी या धंद्याची रीत. पावसाळ्यात महिन्याच्या महिन्याला घेत बसलात तर भावही चढा आणि मालात ओलही.

हिशेबापुरता किलोला 150 रुपये भाव धरू. वर्षाला 3,000 किलो मिरची लागणार असेल तर मार्चअखेर 4.5 लाख रुपये मिरचीत अडकले. टेम्प्लेट काय सांगतं? एका महिन्याची मिरची, म्हणजे 37,500. उरलेले चार लाख कुठून आणणार? रिपोर्टमध्ये उत्तर नसतं, म्हणून मग ते दागिन्यांतून किंवा सावकाराकडून येतं.

बँकेचं गणितही समजून घ्या. छोट्या उद्योगांना खेळत्या भांडवलासाठी बँका साधारणपणे उलाढालीचा नियम लावतात: वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या 25 टक्के गरज धरायची, त्यातले 20 टक्के बँकेचे, 5 टक्के तुमचे. विक्री 15 लाख धरली तर गरज 3.75 लाख, बँक 3 लाख देणार, 75 हजार तुमचे. आणि नुसती मिरचीच 4.5 लाखांची. त्यावर धने, खोबरं, खसखस, पाऊच, उधारी. म्हणून हंगामी खरेदी असेल तर वार्षिक आकडा देऊन भागत नाही. एप्रिल ते मार्च असा महिनावार तक्ता करा, कोणत्या महिन्यात किती पैसे बाहेर जातात आणि किती आत येतात ते दाखवा, आणि कर्जाची जास्त मर्यादा मागा. किंवा निम्मीच मिरची हंगामात घ्या आणि नफा तेवढा कमी दाखवा. दोन्ही चालतं. गप्प राहणं चालत नाही.

त्यात घटही आलीच. देठ काढताना, वाळवताना आणि दळताना वजन जातं. 10 किलो मिरची कळमन्यातून आणा, देठ काढा, उन्हात टाका, ओळखीच्या चक्कीवर दळा आणि पावडर तोला. जो आकडा येईल तो रिपोर्टात. माल साठवायला कोल्ड स्टोरेज वापरणार असाल तर त्याचं भाडंही खर्चात. आणि दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, पॅक करूनच विकावा लागतो. त्यामुळे पाऊच, लेबल, सीलिंग मशीन आणि एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हे सगळं पहिल्या दिवसापासून धरा. छापील पाऊच करायचे तर छपाईच्या सिलिंडरचा खर्च वेगळा आणि ऑर्डरही मोठी लागते. सुरुवातीला साधा पाऊच आणि वरून स्टिकर पुरतो.

शीट चुकतं ते असं

बेरीज कमी येते? "5000/-" किंवा "5 हजार" असं लिहिलेला कप्पा शोधा. शीटच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर आहे. बेरजेत तो धरलाच जात नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: आकडे आपोआप कप्प्याच्या उजवीकडे बसतात, मजकूर डावीकडे. कप्प्यात नुसता 5000 लिहा, रुपयाचं चिन्ह फॉरमॅटमधून द्या.

नवी ओळ टाकली आणि बेरीज बदललीच नाही, तर ती ओळ फॉर्म्युल्याच्या कक्षेबाहेर पडली आहे. विक्री बदलली तरी नफा तसाच, याचा अर्थ कुणीतरी फॉर्म्युल्यावर हाताने आकडा लिहून ठेवला. डॉलर आणि 100,000 असे स्वल्पविराम दिसत असतील तर गूगल शीटच्या फाइल सेटिंगमध्ये लोकेल (देश) इंडिया करा. आणि जानेवारीपासून सुरू होणारं वर्ष एप्रिलवर आणा, नाहीतर सीएला सगळं पुन्हा मांडावं लागेल.

मराठीत रिपोर्ट टाइप करून घेतला तर तो युनिकोडमध्येच घ्या. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती गिचमिड दिसते. बँकेला गूगल शीटची लिंक पाठवू नका. परवानगी मागणारा मेल तुमच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो आणि तिकडे फाइल बाजूला पडते. पीडीएफ द्या, सोबत प्रिंट.

नफा आणि हप्ता यांची गल्लत

5 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 5 वर्षं. शीटमध्ये =पीएमटी(11%/12,60,-500000) हा फॉर्म्युला इंग्रजी अक्षरांत टाका, हप्ता 10,871 येईल. 12 ने भागायचं विसरलात तर हप्ता 55 हजारांच्या वर दिसेल आणि धडकी भरेल.

वर्षाला हप्त्यांचे 1,30,452 रुपये जातात. पहिल्या वर्षी त्यातलं व्याज साधारण 51 हजार आणि मुद्दल 79 हजार. नफा-तोट्याच्या तक्त्यात फक्त व्याज खर्च म्हणून जातं. मुद्दल तिथे टाकलंत तर नफा उगाच कमी दिसतो. पण रोख प्रवाहाच्या तक्त्यात पूर्ण हप्ता दिसलाच पाहिजे. तिथे विसरलात तर कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट. बँक डीएससीआर नावाचं जे गुणोत्तर काढते ते यावरच: नफा, घसारा (मशीनची दरवर्षी कमी धरली जाणारी किंमत) आणि व्याज यांची बेरीज भागिले वर्षाचे हप्ते. उत्तर 1 च्या आसपास असेल तर हप्ता जेमतेम फिटतो. बँकेला दीडच्या पुढे दिसलं की बरं वाटतं. ते वाढवण्यासाठी लोक विक्री फुगवतात, आणि मग वरचा 12 टनांचा घोळ होतो. त्यापेक्षा कर्जाची मुदत वाढवून मागा.

स्वतःचा पगार शून्य लिहिणं ही घरगुती उद्योगांतली जुनी खोड. सून, सासू, जाऊ सगळ्या मिळून निवडायला बसतात म्हणून मजुरीही शून्य. ऑर्डर वाढली की बाहेरची बाई लावावी लागते आणि किलोमागचा नफा तिथेच संपतो.

सबसिडी हातात येत नाही

"सबसिडी कधी मिळते जी?" हा प्रश्न प्लॅनच्या आधी येतो. 2022 च्या सुधारित नियमांनुसार पीएमईजीपीत उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. महिला अर्जदाराला शहरी भागात 25 टक्के आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, स्वतःचा वाटा 5 टक्के. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला शहरात 15, ग्रामीणमध्ये 25 आणि वाटा 10 टक्के. म्हणजे शहरातल्या ताईचा 10 लाखांचा प्रकल्प असेल तर 50 हजार तिचे, साडेनऊ लाख बँकेचे. अनुदानाचे अडीच लाख बँकेत तिच्या नावाने तीन वर्षं अडकून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. युनिट चालू आहे हे तपासल्यावर ते कर्जात वळते होतात. त्यामुळे रोख प्रवाहात "सबसिडी आली" अशी ओळ पहिल्या वर्षी लिहिलीत तर तो तक्ता चुकला.

जागेचा पत्ता अनुदान बदलतो: महापालिकेच्या हद्दीत शहरी, ग्रामपंचायतीत ग्रामीण. म्हणून मावशीच्या गावचा पत्ता टाकून मशीन मात्र शहरातल्या घरात बसवायचं, हा सल्ला देणारे एजंट भेटतील. प्रत्यक्ष पाहणी होते, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही. प्रकल्प खर्चात जमिनीची किंमतही धरता येत नाही. शेडचं भाडं धरता येतं.

मशीनचं कोटेशन जीएसटी, वाहतूक आणि बसवण्याच्या खर्चासकट घ्या. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर तो कर परत मिळत नाही, तो किमतीतच धरा. विजेचा भार वाढवायचा तर महावितरणचं डिपॉझिट लागेल, तेही लिहा. फ्लॅटमध्ये मिरची दळायचा विचार असेल तर सोडून द्या. पहिल्याच दिवशी अख्खी इमारत खोकत खाली येईल.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. रिपोर्ट तयार करून घ्यायला पैसे द्यायला हरकत नाही, पण शीट घेतल्याशिवाय देऊ नका. नुसती पीडीएफ मिळाली तर मिरचीचा भाव 150 वरून 190 झाला की एका आकड्यासाठी पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. शीट हातात आल्यावर तो भाव स्वतः बदला आणि शेवटच्या पानावरचा नफा हलतो का ते त्याच्यासमोरच बघा.