पंचेचाळिशीनंतर नोकरी गेली, तर स्वतःचं काम कसं उभं करावं

चाकणच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं मेंटेनन्स सांभाळला. सत्तेचाळिसाव्या वर्षी एचआरने बोलावून महिनाअखेरीला गेटपास जमा करायला सांगितला. आज भोसरी परिसरात माझं एअर कॉम्प्रेसरच्या, म्हणजे मशिनना दाबाची हवा पुरवणाऱ्या यंत्रांच्या, देखभाल-दुरुस्तीचं काम आहे. माझा क्रम बराच चुकला होता. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर ज्या क्रमाने करेन, तो इथे देतो.

१. सही करायच्या आधी हिशेब मांडा. कामावरून कमी करत असतील तर घाईघाईत राजीनामा लिहून देऊ नका. कायद्याच्या भाषेत तुम्ही 'कामगार' ठरत असाल तर नुकसानभरपाईचा हक्क असतो आणि राजीनाम्याने तो बुडू शकतो. एखाद्या कामगार वकिलाला कागद दाखवा. ग्रॅच्युइटी (दीर्घ नोकरीबद्दल कायद्याने मिळणारी रक्कम) साधारण किती येते ते स्वतः काढून पाहा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. ४०,००० रुपये आणि १८ वर्षं धरली तर सुमारे ४ लाख १५ हजार होतात.

२. घरी त्याच दिवशी सांगा. मग बारा महिन्यांचा घरखर्च, हप्ते आणि मुलांची फी बाजूला काढा. या पैशाला धंद्यासाठी हात लावायचा नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. तो संपण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारांवर विमा लागू होईपर्यंतचा जो प्रतीक्षाकाळ आधीच भरला आहे, तो वाया जात नाही. मी तीन आठवडे उशीर केला आणि पत्नीच्या मधुमेहासाठी तो काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला गेला.

३. गाळा नंतर, गिऱ्हाईक आधी. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. सेटलमेंटची रक्कम हातात आली की फ्रँचायझी घ्यावी, हॉटेल काढावं असं वाटतं. ज्या धंद्यात आपण एक दिवसही घालवला नाही, त्यात आयुष्याची पुंजी ओतू नका. त्यापेक्षा वही घ्या आणि ओळखीची चाळीस नावं लिहा: जुने व्हेंडर, कंत्राटदार, दुसरीकडे गेलेले सहकारी. त्यांना भेटा, पण "काम द्या" म्हणू नका. "तुमचं काम कुठे अडतं?" असं विचारा.

मला उत्तर मिळालं ते शनिवार-रविवारचं. पाच-दहा मशिनच्या वर्कशॉपला स्वतःचा मेंटेनन्सवाला परवडत नाही. शनिवारी रात्री कॉम्प्रेसर बंद पडला की सोमवारची डिलिव्हरी गेली. मी पान्यांचा सेट, प्रेशर गेज आणि साबणाचं पाणी घेऊन जायला लागलो. साबणाचा फेस लावला की हवेची गळती डोळ्यांना दिसते. प्रेशर गरजेपेक्षा एक बार (दाबाचं एकक) जास्त ठेवलं तर वीज साधारण ६ ते ७ टक्के जास्त जाते. हे मालकांना त्यांच्याच बिलावर दाखवलं आणि पहिली तीन वार्षिक कंत्राटं मिळाली.

जुन्या कंपनीच्या करारात 'तेच काम करणार नाही' अशी अट असली तरी नोकरी संपल्यानंतर ती आपल्याकडे सहसा टिकत नाही. मात्र त्यांची ड्रॉइंग्ज आणि गोपनीय माहिती वापरू नका.

४. दर पगारावरून ठरवू नका. पगार भागिले २६ हा माझा पहिला दर होता आणि त्यात मी बुडत होतो. महिन्यात विकले जाणारे दिवस जेमतेम बारा असतात. घरखर्च ६०,००० आणि प्रवास, हत्यारं, फोन यांचे १५,००० धरले तर दिवसाचा दर ६,२५० येतो. त्याखाली जाऊ नका.

५. कागदपत्रं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि ती मोफत आहे. पैसे मागणाऱ्या साइटपासून दूर राहा. महाराष्ट्रात मोजकीच माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली ऑनलाइन सूचना देणं पुरतं. राज्यातल्या राज्यात फक्त सेवा देत असाल तर जीएसटी साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागतो. चालू खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

६. वसुली. हातात ऑर्डरी असूनही छोटे धंदे बसतात, ते अडकलेल्या पेमेंटमुळे. तोंडी कामावर जाऊ नका, पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) घ्या आणि सुट्या भागांचे पैसे आगाऊ मागा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक आणि ही अट छापा. माझी निम्मी थकबाकी त्या एका ओळीने सुटली.

७. कर्ज सगळ्यात शेवटी. मशिनरी लागणारच असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची (नव्या उद्योगाला कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना) चौकशी करा. तिला वयाची वरची मर्यादा नाही, पण पहिलं अनुदान नव्या उद्योगालाच मिळतं, म्हणून अर्ज सुरुवातीआधी करायचा. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. राहतं घर गहाण ठेवू नका.

मी गाळा घेतला तो चौदाव्या महिन्यात. तोवर वार्षिक कंत्राटं अकरा झाली होती आणि त्यांतून दरमहा येणाऱ्या पैशात भाडं व एका मदतनीसाचा पगार निघत होता.