लिलीला नुसती पानंच येताहेत? या चुका टाळा

शिगमो जवळ आला की अंगणात लाल लिलीचे देठ वर यायला हवेत. कुंडीत मात्र नुसती हिरवीगार पानं! फोंड्यापासून डिचोलीपर्यंत ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. बहुतेक वेळा कांद्यात खोट नसते, त्याला विश्रांती मिळालेली नसते.

मी बोलतेय ती ॲमरिलिस लिलीबद्दल, शास्त्रीय नाव हिप्पीॲस्ट्रम. ट्युलिप आणि डॅफोडिलचा मोह गोव्यात शक्यतो टाळावा. ट्युलिपच्या कांद्याला साधारण 12 ते 16 आठवडे 10 अंशांखालचा गारवा लागतो. श्रीनगरला तो जमिनीतच मिळतो. आपल्याकडे जानेवारीची पहाटसुद्धा 20 अंशांच्या आसपास असते. फ्रिजमध्ये ठेवायचेच असतील तर फळांपासून लांब ठेवा. मी दहा कांदे सफरचंदांशेजारी ठेवले होते. पिकत्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो हे तेव्हा माहीत नव्हतं. पानं आली, फूल एकही नाही. फार वाईट वाटलं.

लिलीचं गणित वेगळं आहे. तिला थंडी नको, कोरडेपणा हवा. पाऊस संपल्यावरही रोज सवयीने पाणी घालत राहणं ही सगळ्यात मोठी चूक. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत न्या, डिसेंबरात बंद करा, कुंडी पडवीत सरकवा. पानं पिवळी पडतील, पडू द्या. जानेवारीअखेर एकदा भरपूर पाणी द्या आणि मग देठ दिसेपर्यंत हात आखडता ठेवा.

दुसरी चूक कात्रीची. फुलं गेली की सुकलेला देठ जरूर कापा, पण हिरव्या पानांना हात लावू नका. साधारण चार पानांमागे कांद्याच्या आत एक कळी धरते, आणि ती पुढच्या हंगामाची असते. पावसाआधी अंगण साफ करताना पानं छाटली की पुढचं फूलच छाटलं. अंगठ्याएवढ्या पिल्लू-कांद्यांकडून मात्र फुलांची अपेक्षा धरू नये, त्यांना दोन-तीन वर्षं लागतात.

लावताना मान मातीवर राहायला हवी, कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा उघडा. चिऱ्याची लाल माती पावसात घट्ट बसते, म्हणून तिच्यात रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको. आणि कुंडी पागोळीखाली ठेवू नका! आषाढात कौलांवरून पडणारी ती धार थेट मानेत शिरते. अंगठ्याने दाबून पाहा: कांदा कडक असेल तर ठीक, मऊ लागला आणि आंबूस वास आला तर लगेच काढा. कुजलेले पापुद्रे पांढऱ्या, घट्ट गाभ्यापर्यंत सोला, सावलीत चार-पाच दिवस वाळवा, मग कोरड्या रेतीत लावा. माझे निम्मेअधिक असे वाचले आहेत.

पानांवर लालसर चट्टे दिसले तर ती बुरशी. ती पानं काढून जाळा, पाणी मुळाशीच घाला.

पावसाळ्यात रोज संध्याकाळी पानं उलटूनही पाहा. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके असलेल्या अळ्या घोळक्याने बसलेल्या असतात. दोन रात्रींत त्या पान खाऊन मानेतून कांद्यात उतरतात. फवारणीची वाट पाहू नका. हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका.