रात्री लघवीला उठणं वाढलंय? आठवडाभर रेघा ओढा

रात्री वारंवार लघवीला उठणं हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं. ही लक्षणं अनेकदा इतकी हळूहळू वाढतात की घरात कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. 'उन्हाळा आहे', 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. ती वेळीच लक्षात यावीत म्हणून हा साधा उपाय:

१. उशाशी कागद-पेन ठेवा. झोपेतून लघवीला उठलात की एक रेघ ओढा.

२. त्याच कागदावर वजन लिहा. खाणं तेवढंच असून वजन उतरत असेल तर ते फार महत्त्वाचं. सतत तहान, न भरणारी जखम, जांघेतली खाज, हेही लिहा.

३. मान आणि काखा नीट बघा. तिथली काळी, जाडसर त्वचा अनेकजण मळ समजून घासत बसतात. ती इन्सुलिन (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक) नीट काम करत नसल्याची खूण असू शकते.

आठवड्याने कागद डॉक्टरांना दाखवा आणि उपाशीपोटी साखर तपासून घ्या. १०० ते १२५ (मिग्रॅ/डेसिलिटर) म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून निदान पक्कं करतात. लघवीला मुंग्या लागत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका.

सावधान: खूप तहान, सोबत उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास असेल, विशेषतः लहान मुलांत, तर आठवडा थांबू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.